पानाच्या कडेची बाई

सेवाग्राम,
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

प्रिय नलू,

सप्रेम जयभीम. मी बरी आहे, तूही बरी असशील. घरातल्या सगळ्यांना नमस्कार सांग असं लिहायची पद्धत आहे, पण तुझ्या घरात आता कोण कोण आहे हेच मला ठाऊक नाही. तेव्हा जे कोणी असेल त्याला सांग.

अक्षर ओळखलंस का? तू म्हणायचीस, रक्षाचं अक्षर म्हणजे मुंग्यांची वरात. शाळेत फळ्यावर लिहून लिहून आता जरा मोठं झालंय. फोन नंबर आहे माझ्याकडे. नंदिनीनं तो व्हॉट्सॲपचा ग्रुप काढला तेव्हापासून तुझा मोठ्या निळ्या कानातल्यांचा फोटो रोज दिसतो. दोनदा फोन लावायला घेतला. पण मला माझी खोड माहीत आहे. तू 'हॅलो' म्हटलंस की मी थंडीबद्दल बोलेन, तुरीच्या शेंगांबद्दल बोलेन आणि 'चल, ठेवते' म्हणेन. म्हणून कागद घेतला.

तर थंडी चांगली पडली आहे. तुरी फुलावर आहेत. मी वर्ध्याच्या शाळेत आहे, अजून सात वर्षं नोकरी आहे. रुपेश गेले त्याला चार वर्षं झाली. रुपेश म्हणजे माझे यजमान, इथल्याच दवाखान्यात लॅबमध्ये होते. तुला लग्नाची पत्रिका पाठवली नव्हती, मग गेल्याचं कुठल्या तोंडानं कळवणार? गुंजन, माझी मुलगी, हैदराबादला नोकरी करते. रविवारी फोन करून 'आई, जेवलीस का' विचारते आणि मी जेवलेली नसले तरी हो म्हणते. दोघांची भाजी करायची सवय काही जात नाही. उरलेली दुसऱ्या दिवशी डब्यात नेते. शाळेतल्या बायका म्हणतात, मॅडमले वांगे लय आवडते. मला वांगी आवडत नाहीत, तुला आठवत असेल.

नंदिनी तुला फोनवर भेटलीच आहे. आपण बी.ए. झालो तेव्हा ही पोर जन्मलीही नव्हती, आणि आता आपल्याच कॉलेजात मराठी शिकवते आणि 'सरकी'चा वार्षिक अंक काढते. चौदा डिसेंबरच्या कार्यक्रमासाठी नुसती धावते आहे. 'सरकी'ला पन्नास वर्षं, आणि 'सरकीतून घडलेले कलावंत' म्हणून आपण तिघं: तू चित्रकार, दुर्गेश व्यंगचित्रकार आणि मी कवयित्री. दुर्गेशनं ग्रुपवर लिहिलेलं वाचलंस ना, 'घडलो का बिघडलो ते पहिले ठरवा'. नागपूरच्या पेपरात रोज व्यंगचित्र काढतो, पण अजून तस्साच आहे. कॉलेजात पोरं विचारायची, 'काय बे, सरकी वाचली का?' आणि हाच म्हणायचा, 'नाई बा, म्हशीले घातली.' म्हशीनं दूध जास्त दिलं असंही सांगायचा.

परवा माझ्या वर्गातल्या पोरींना मी आपली पद्धत सांगितली. सगळीकडे कविता आधी येते आणि चित्रवाला मागून येऊन तिच्या बाजूला एक फांदी नाहीतर पक्षी काढतो. आपलं उलटं होतं. तू आधी काढायचीस. पानभर काढायचीस आणि कुठेतरी जागा कोरी सोडून म्हणायचीस, 'घे, आठ ओळी. नववी आणशीन तं मी पुसनार नाई काही.' आणि मी त्या आठ ओळींसाठी अल्लीपूरच्या बसमध्ये खिडकीशी बसून डोकं खाजवायची. कधी शब्द छाटायची, कधी अख्खं कडवं. तीन वर्षं मी तुझ्या जागेत मावत आले. खरं सांगते, तेव्हा तुझा राग यायचा. आता कुणी आठ ओळींची जागा दिली तर हातात काही येत नाही. माझा एकच संग्रह आला, आणि त्यातल्या निम्म्या कविता 'सरकी'तल्याच आहेत. लोकांना वाटतं मी लिहायची थांबले नाही, फक्त छापत नाही. झाकली मूठ आहे, झाकलेलीच बरी.

तुझी पुस्तकं मी घेते हं. पोरांसाठीची चित्रांची. हत्तीचं, विहिरीचं, त्या चष्मा हरवलेल्या पोस्टमनचं. गुंजन मोठी झाली तरी घेते. पुस्तकांच्या कपाटात नाही, पलंगाशी ठेवते. तुझी सगळी माणसं पानाच्या मधोमध असतात. कडेला झाड, दगड, कुत्रं, पण माणूस नाही. एका जाणकारानं त्यावर लेख लिहिला होता, 'मध्यवर्ती मानवाकृतीचे सौंदर्यशास्त्र' का काहीतरी. मी तो अर्धाच वाचला.

मग तू पोरांच्या चित्रकलेच्या शिबिरात बोललीस तो व्हिडिओ नंदिनीनं ग्रुपवर टाकला. 'मी कडेला माणूस काढत नाही. आमच्या कॉलेजच्या अंकात हिंगणघाटच्या छापखानेवाल्यानं माझ्या आईला करवतीनं कापून टाकलं होतं. कडेचं माणूस लोकांना कापता येतं, तेव्हापासून मी ती संधी कुणाला देत नाही.' पोरं टाळ्या वाजवतात. नंदिनीनं खाली टाळ्यांचे हात टाकले होते. दुर्गेशनंही टाकले. मीही टाकले, नलू.

त्या पानाबद्दलच लिहायचं आहे. कुकरची शिट्टी झाली. उद्या लिहिते.


मंगळवार, २५

काल लिहिलं नाही. कुकरचं निमित्त होतं, कुकर बंद करून परत बसता आलं असतं.

आज नमनाला घडाभर तेल घालत नाही. मागच्या सोमवारी माझ्याकडे रुपा आली. ही दवाखान्यात नर्स आहे, रुपेश आजारी असताना तिनं त्यांचं खूप केलं. खुर्चीत बसली आणि पाणीही न पिता म्हणाली, "मॅडम, माह्या आजोबाचा हिंगणघाटले छापखाना होता. सरकी तेच छापत. त्या चित्रवाल्या मॅडमचा व्हिडिओ पाह्यला मी. तुम्ही तं होत्या ना तवा? आजोबानं असं काऊन केलं?"

मी म्हटलं, "फार जुनी गोष्ट आहे गं, मला नीट आठवत नाही."

ती म्हणाली, "मी त्यायले विचारलं तं ते काहीच बोलत नाई. आता नंदिनी मॅडम म्हनते, त्यायचा सत्कार हाय. ज्यायनं असं केलं त्याचा सत्कार कोन करते?" आणि गेली. तिचं पाणी तसंच राहिलं.

रुपाचे आजोबा म्हणजे आपले छापखान्याचे किसनराव, आणि ते जिवंत आहेत, हे मला तेव्हा कळलं. रुपाकडेच, माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर राहतात. दोन वर्षांपासून.

मी नंदिनीला फोन केला. ती म्हणाली, "मॅडम, मीच नलिनी मॅडमला सांगितलं की ते प्रेसवाले काका सापडले. त्या म्हणाल्या, बोलवा त्यांना, मी केव्हाच माफ केलंय, स्टेजवर मीच त्यांना शाल देईन. मागे स्क्रीनवर ते पान राहील, तुम्ही तुमची 'वेचणी' कविता वाचाल. विचार करा, काय क्षण असेल!" पोरगी मनानं चांगली आहे. तिला काय माहीत.

तेव्हा आता ऐक. हे कोणाला लिहिलेलं नाही, बोललेलंही नाही, रुपेशनाही नाही.

पंच्याण्णवचा जानेवारी. आपला शेवटचा अंक. तू वडनेरला आजीच्या आजारपणात अडकली होतीस आणि अंकाची शेवटची प्रुफं बघायला मी एकटी छापखान्यात गेले होते. तुझं चित्र नागपूरहून ब्लॉक होऊन आलं होतं, लाकडावर ठोकलेला जस्ताचा पत्रा, पान भरेल एवढा. पऱ्हाटीचं ते मोठं झाड, बोंडं फुटलेली, मागे गाठोडी, आणि अगदी तळाशी, पानाच्या खालच्या कडेला, वाकलेली तुझी आई. इंचभर उंचीची. पण नाकातला खडा सुद्धा दिसत होता. उजवीकडे बारा ओळींची जागा. तू चिठ्ठी ठेवली होतीस, 'बारा. वर एकही नाही.'

माझ्या सोळा झाल्या होत्या.

शेवटच्या चार बसमध्ये सुचल्या. तुला त्या पाठ असतील, नकोशा असल्या तरी, कारण माझं जे काही नाव आहे ते त्या चार ओळींचं आहे:

ओटीत कापूस, बोटांत काटे,
सरीसरीतून चालली;
शेतात साऱ्यांना पऱ्हाटी दिसली,
बाई कुणा ना दिसली.

किसनरावांनी बारा ओळी बसवून दाखवल्या. म्हणाले, "चार बाहेर राह्यते पोरी. लहान टाईप लावू का?" लहान टाईप लावला तर कविता औषधाच्या बाटलीवरच्या सूचनेसारखी दिसत होती. पुढच्या पानावर न्यावी तर तिथे दुर्गेशचं प्राचार्यांवरचं व्यंगचित्र. मी त्या ब्लॉककडे बघत राहिले. मग मी म्हटलं, "खालची पट्टी काढली तर?"

ते म्हणाले, "बाई कापली जाईन."

मी म्हटलं, "कापा."

त्यांनी चष्मा वर केला. "नलूले विचारलं का?"

मी म्हटलं, "हो. तिला चालते."

त्यांनी करवत घेतली. जस्त कापताना जो आवाज होतो त्यानं दात शिवशिवतात. मी बाहेर जाऊन उभी राहिले. परत आले तेव्हा सोळा ओळी ऐसपैस बसल्या होत्या आणि मला फार आनंद झाला होता. ते मला आठवतं, नलू. मला वाईट वाटल्याचं आठवावं अशी इच्छा आहे, पण आनंदच आठवतो.

मूळ चित्र नागपूरच्या ब्लॉकवाल्याकडेच राहिलं आणि हरवलं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पण माहीत असतं तर मी थांबले असते का, हे मी स्वतःला विचारते आणि उत्तर पटकन येत नाही. दुसरा प्रश्न त्याहून वाईट आहे. त्या पट्टीत वाकलेली बाई माझी आई असती, अल्लीपूरच्या आमच्या ओसरीतली, तर मी 'कापा' म्हटलं असतं का? याचं उत्तर पटकन येतं.

बाई कुणाला दिसली नाही असं लिहायला जागा हवी म्हणून मी बाई काढून टाकली. आठ मार्चला माझ्या दाराशी ऑटो येतो. मला व्यासपीठावर बसवतात आणि एखादी पोरगी त्या चार ओळी म्हणून दाखवते. खाली बसलेल्या बायका डोळे पुसतात. मी गुलाबाचं फूल घेऊन घरी येते आणि ते पाण्यात ठेवते.

मग स्नेहसंमेलनाचा दिवस. मांडवात तू अंक उघडलास, पान पाहिलंस, उलटं केलंस, परत पाहिलंस. माझ्याकडे वळून म्हणालीस, "रक्षा, आई कुठं हाय?" आणि मी म्हटलं, "प्रेसवाल्यानं कापली वाटते. मलेही आत्ताच दिसलं." इतकं सरळ आलं तोंडातून. तू कोणाची तरी सायकल घेतलीस आणि छापखान्यात गेलीस.

परत आलीस तेव्हा तुझे डोळे लाल होते. म्हणालीस, "चूप बसला तो मानूस. एक शब्द नाई बोलला." त्यानंतर प्राध्यापक मंडळींनीही गलका केला आणि पुढच्या वर्षीपासून 'सरकी' नागपूरला ऑफसेटवर छापायला गेली. मी स्वतःची समजूत घालत आले की ऑफसेट येणारच होतं, हाताचे छापखाने सगळेच बंद पडले, आमच्या एका अंकानं काय होतं. हे खरंही आहे. तरी कापड मार्केटच्या मागची ती छापखान्याची गल्ली मी पुन्हा कधी चालले नाही. कॉलेजला लांबून वळसा घालून जायची.

तू नागपूरला चित्रकलेच्या कॉलेजात गेलीस आणि तिथून मला तीन पत्रं लिहिलीस. तिन्ही माझ्याकडे आहेत. दुसऱ्यात तू विचारलंस, 'माझं काही चुकलं का?' तिसऱ्यात काही विचारलं नाहीस. मग बंद झालं. तुला वाटलं असेल, रक्षाला बक्षीस मिळालं, रेडिओवर कविता झाली, आता ती मोठी झाली. मला तुझ्या पत्रासमोर बसवतच नव्हतं, एवढंच होतं. तू 'प्रिय रक्षा' लिहायचीस आणि तिथूनच पुढे वाचवत नव्हतं.

दोन हजार नऊमध्ये तुझी आई गेली तेव्हा मी वडनेरच्या फाट्यापर्यंत आले होते. उतरले. पानठेल्यावर माणसं तिचंच बोलत होती. समोरून वर्ध्याची बस आली आणि मी तिच्यात चढले.

हात दुखायला लागला. उद्या किसनरावांकडे जाते. नाही गेले तर हे पत्र पाठवायचा मला हक्क नाही.


गुरुवार, २७

काल शाळेतून परस्पर गेले. रुपाची ड्युटी होती. तिनं मागच्या दाराला नुसती कडी लावून ठेवलेली असते, शेजारीण येऊन-जाऊन बघते. किसनराव अंगणात खाटेवर बसले होते. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत. डोळ्यांना कमी दिसतं, पण पेपर हातात घेतात, वास घेतात आणि सांगतात की शाई पातळ झाली. मी नाव सांगितलं. ते म्हणाले, "बस. सोया ओळीवाली."

मी कसं बोलायचं ते शाळेतून येताना ठरवून आले होते. ते सगळं राहिलं. खाली बसले आणि रडले. एक्कावन्न वर्षांची बाई, खांद्याला शाळेची पर्स, तशीच.

ते म्हणाले, "नलू आली तवा तीही अशीच रडून राह्यली होती. मी काय सांगू तिले? का तुही सखी खोटं बोलली? एका दिवशी पोरीची आई बी नेऊ आन सखी बी नेऊ? मले वाटलं, दोन दिवसात तू सांगशीन. पोरींचं भांडन, मंधात म्हातारा काऊन पडू?" मग म्हणाले, "तवा मी म्हातारा नोयतो. अठ्ठावन्नचा होतो. तुह्या रस्त्याकडं पाहूनच म्हातारा झालो."

मी विचारलं, तुमचं किती नुकसान झालं. त्यांनी हात हलवला. "धंदा तं जानाराच होता. छपाईचे खिये भंगारात विकले, कापलेली पट्टीही त्यातच गेली असन. त्याचं काही नाई. पन कॉलेजच्या रस्त्यानं गेलो का पोट्टे म्हनत, हा पाह्य, बाई कापनारा. चाळीस वर्ष मी लोकायच्या लग्नपत्रिका छापल्या, एकाचं नाव चुकवलं नाई. माह्या हातानं कापलं हे खरं हाय. पन विचारून कापलं, हे कोनाले मालूम नाई."

मी म्हटलं, मी स्टेजवर सांगते, सगळ्यांसमोर.

"पहिले तिले सांगजो," ते म्हणाले. "स्टेजवर सांगशीन तं ती पोरगी सगळ्यायच्यासमोर उघडी पडन. ती मले माफी द्याले येऊन राह्यली. तिच्या हातात शाल राहीन आन तवा तिले समजन? असं नोको करू. तिले घरी, एकटीले समजू दे. मंग तिले यायचं तं येईन, नाई तं नाई येनार."

मी विचारलं, तुम्ही याल का. म्हणाले, "येईन ना. शाल-बिल नोको. पोरीले जवळून पाह्यचं हाय. आता मले जवळूनच दिसते."

निघताना रुपा आली. मी तिला दारातच सगळं सांगितलं. तिनं ऐकलं, चप्पल काढली, आत गेली आणि आजोबांच्या पायाशी बसली. रुपेशच्या वेळी हीच पोरगी रात्रंदिवस माझ्याजवळ होती. सेवाग्राममध्ये माझ्या घरी येणारं ते एकच माणूस होतं, आता तेही येणार नाही. बरोबरच आहे.

नंदिनीला मी आज फोन करून सांगितलं की 'वेचणी' मी वाचणार नाही, आणि का ते चौदा तारखेला सांगेन. ती गोंधळली. म्हणाली, "मॅडम, पत्रिकेत छापलंय." मी म्हटलं, छापलेलं सगळं खरं नसतं बाई. हे पत्र तुला पोचलं असेल तर मी उभी राहून बोलेन. तू नको म्हणालीस तर तुझं नाव न घेता, किसनरावांचं नाव मात्र घेऊन बोलेन. ते मला टाळता येणार नाही. तू आलीस तर आधी त्यांच्याकडे जा. माझ्याशी बोलायलाच पाहिजे असं नाही. मी मागच्या रांगेत बसेन.

या पत्राचं उत्तर मागत नाही. तुझ्या तीन पत्रांनंतर मागू तरी कशी? माफीही मागत नाही, कारण मागितली की तुला ती द्यायची किंवा नाकारायची मेहनत पडते, आणि तू एकदा ती चुकीच्या माणसावर खर्च केली आहेस.

इथे पत्र संपवणार होते. पाकिटावर तुझा पत्ताही लिहून झाला. पण एक गोष्ट राहिली आहे. ती किसनरावांनाही मी सांगितली नाही.

त्या दिवशी तू सायकलवर छापखान्यात गेलीस तेव्हा तुझी आई मांडवात होती. तुला वाटलं असेल ती बायकांसोबत जेवायला बसली. ती वडनेरहून पहिल्या बसनं आली होती, कमलाबाईला आणि अजून एका वेचणीच्या बाईला सोबत घेऊन, 'पुस्तकात माझं चित्र आलं' म्हणून दाखवायला. हिरवं लुगडं होतं, घडीचं. तिनं मला हाक मारली आणि अंक माझ्यासमोर धरला. आम्ही दोघी हॉलच्या पायरीवर बसलो. ती पानावर बोट फिरवत होती. "हे झाड हाय. हे गाठोडे हाय. मी कुठं हाओ वं?"

मी अंकाचं पान सारखं केलं.

मग तिनं इकडेतिकडे पाहिलं, कमलाबाई जवळ नाही ना ते पाहिलं, आणि हळूच म्हणाली, "मीच हलली असन. नलू म्हने, आई हलू नोको. मी वाकून राह्यली, लय वेळ राह्यली वं. मंग गोमाशी चावली पायाले, तं मी हलली. म्हून नसन उमटली मी. नाई का?"

तिला वाटलं, फोटोसारखं असतं.

मी म्हटलं, "हो मावशी. तसंच झालं असेल."

ती म्हणाली, "नलूले नोको सांगू. पोरीची एवढी मेहनत म्या वाया घालवली, तिले वाईट वाटन." आणि अंक पदरानं पुसून मला परत दिला.

मी तुला सांगितलं नाही. आयुष्यात कोणाला दिलेला एवढा एकच शब्द मी पाळला. चौदा वर्षं ती तशीच समजून जगली आणि गेली.

तुझी आई हलली नव्हती, नलू.

रक्षा